नफा, तोटा आणि अमानत

धर्म मशिदीत आणि व्यवहार दुकानात, अशी वाटणी करून आपल्यातील पुष्कळ लोक मोकळे होतात. पवित्र कुरआनला ही वाटणी मान्य नाही. सूरह जुमुआच्या 10 व्या आयतीत नमाज पूर्ण झाल्यावर भूमीवर पसरण्याची आणि अल्लाहची कृपा, म्हणजेच उपजीविका, शोधण्याची आज्ञा आहे. आणि त्याच आयतीत अल्लाहचे पुष्कळ स्मरण करण्याचीही आज्ञा आहे. नमाजसाठी बांधलेले हात आणि तराजू धरणारे हात एकाच माणसाचे आहेत. जाबही त्या एकाच माणसाला द्यावयाचा आहे.

पुढील प्रसंग आपण कधी ना कधी पाहिला असेल. घरातील तरुण मुलगा मोठ्या उमेदीने धंदा सुरू करतो. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागाचा असो, फळांचा असो किंवा मोबाइल दुरुस्तीचा असो. काही महिने बरे जातात. मग उधारी अडकते, माल पडून राहतो, भाडे थकते. मुलगा घरी काही सांगत नाही. वडिलांना वाटते, सर्व ठीक चालले आहे. एक देणे फेडण्यासाठी तो दुसरे कर्ज काढतो, दुसरे फेडण्यासाठी व्याजाचे तिसरे. पुढे पुढे तो फोन उचलत नाही, रस्ता बदलून जातो, आणि ज्यांचे देणे आहे ते मशिदीत भेटतील या भीतीने जमाअतची नमाजही सोडतो. धंद्यात गेले ते पैसे होते. पण त्यापाठोपाठ विश्वास, घरातील शांती आणि अल्लाहच्या घराशी असलेला संबंधही जातो. हे दुसरे नुकसान टाळता आले असते.

ते कसे टाळावे, हे शिकण्यासाठी आपल्यासमोर व्यापाराचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या माणसांची उदाहरणे आहेत. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः व्यापार केला होता. त्यांचे अनेक सहाबी (र.) व्यापारी, बागायतदार, कारागीर होते. त्यांनी नफा पाहिला, तोटाही पाहिला.

प्रारंभ: बाजाराचा रस्ता

आदरणीय अब्दुर्रहमान बिन औफ (र.) मक्केहून हिजरत करून मदीनेत आले तेव्हा त्यांचे सर्व काही मागे राहिले होते. प्रेषितांनी (स.) त्यांचे बंधुत्वाचे नाते आदरणीय सअद बिन रबीअ (र.) यांच्याशी जोडले. सअद (र.) यांनी आपली निम्मी संपत्ती देऊ केली. अब्दुर्रहमान (र.) यांनी त्यांना बरकतीची दुआ दिली आणि केवळ बाजाराचा रस्ता विचारला. बनू कैनुकाच्या बाजारात जाऊन त्यांनी वाळवलेले दही आणि तूप यांचा व्यापार सुरू केला. थोड्याच काळात ते स्वतःच्या कमाईतून महर देऊन विवाह करू शकले. ही हदीस सहीह बुखारीत आहे.

येथे थोडे थांबून विचार करावा. मक्केत नावाजलेला व्यापारी मदीनेत दही-तूप विकावयास बसला. त्याला त्यात कमीपणा वाटला नाही. आपल्याकडे मात्र पहिल्याच दिवशी मोठे दुकान, मोठा फलक आणि उद्घाटनाचा थाट हवा असतो. त्यातच अर्धे भांडवल संपते.

भांडवलाविषयी सुनन अबू दाऊदमधील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. एक अन्सारी गृहस्थ प्रेषितांकडे (स.) मदत मागण्यास आले. घरात काय आहे, असे विचारल्यावर कळले की एक जाड वस्त्र आहे, ज्याचा काही भाग अंथरतात व काही पांघरतात, आणि पाणी पिण्याचे एक भांडे आहे. प्रेषितांनी (स.) त्या दोन वस्तूंचा लिलाव केला. 2 दिरहम मिळाले. एका दिरहमचे अन्न घरी पोहोचविण्यास सांगितले आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणावयास लावली. तिला स्वतःच्या हातांनी दांडा बसवून दिला आणि लाकडे तोडून विकण्यास पाठविले. 15 दिवसांनी ते गृहस्थ परतले तेव्हा त्यांच्याजवळ 10 दिरहम होते.

या प्रसंगात व्यवहाराचे मोठे सूत्र आहे. दोन्ही दिरहम कुऱ्हाडीत घातले नाहीत आणि दोन्ही अन्नावरही खर्च केले नाहीत. घराचा खर्च वेगळा, धंद्याचे भांडवल वेगळे. आज अनेक लहान धंदे बंद पडतात त्याचे एक कारण हेच, की गल्ल्यातील पैशांतून घर चालते आणि मुद्दल केव्हा संपले ते कळतही नाही.

मालातील दोष

एकदा प्रेषित (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला. बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा ओला भाग वर का ठेवला नाही, लोकांना तो दिसला असता, असे त्यांनी विचारले. आणि फसवणूक करणारा आपल्यातील नाही, असे स्पष्ट केले (सहीह मुस्लिम). पाऊस पडला यात विक्रेत्याचा दोष नव्हता. त्याचे नुकसान खरे होते. दोष होता तो ओल झाकण्यात. हा फरक ध्यानात ठेवावा; पुढील सर्व विवेचन यावरच उभे आहे.

इमाम अबू हनीफा (रह.) हे थोर विधिज्ञ म्हणून आपणांस ठाऊक आहेत. ते कूफा शहरातील कापडाचे व्यापारीही होते. त्यांच्या चरित्रकारांनी एक घटना नोंदविली आहे. त्यांनी आपल्या भागीदाराकडे माल पाठविला आणि अमुक कापडात दोष आहे, तो गिऱ्हाइकाला दाखवूनच विकावा, अशी सूचना दिली. भागीदार विसरला. कापड विकले गेले आणि गिऱ्हाईक कोण होते तेही सांगता येईना. इमामसाहेबांनी त्या मालाची संपूर्ण किंमत दान करून टाकली. चूक जाणूनबुजून झाली नव्हती, तरीही तो पैसा त्यांनी आपल्या व्यापारात मिसळू दिला नाही.

तोटा झाल्यावर

प्रामाणिक माणसाला तोटा होत नाही, असे इस्लामने कोठेही म्हटलेले नाही. सहीह मुस्लिममध्ये आदरणीय अबू सईद खुदरी (र.) यांनी सांगितलेली हदीस आहे. प्रेषितांच्या (स.) काळात एका गृहस्थाने फळे खरेदी केली, त्यात त्याचे नुकसान झाले आणि तो मोठ्या कर्जात बुडाला. प्रेषितांनी (स.) लोकांना त्याला सदका देण्यास सांगितले. लोकांनी दिले, पण कर्ज फिटण्याइतके जमले नाही. तेव्हा प्रेषितांनी (स.) धनकोंना सांगितले की जे मिळते आहे ते घ्या, याहून अधिक तुम्हाला मिळणार नाही.

या हदीसमध्ये तीन बाजू आहेत आणि तिघांसाठीही धडा आहे. ज्याचे नुकसान झाले त्याची अवस्था समाजासमोर उघड होती. तो तोंड लपवून बसला नव्हता. समाजाने त्याची टर उडविली नाही, वर्गणी जमविली. आणि ज्यांचे पैसे होते त्यांनी त्याच्याजवळ असेल ते स्वीकारावयाचे होते. सूरह बकराच्या 280 व्या आयतीतही हाच आदेश आहे: कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड मिळेपर्यंत मुदत द्यावी, आणि माफ करणे हे अधिक उत्तम आहे.

मग तोट्यातील माणूस पापाकडे केव्हा वळतो? याचे उत्तर बुखारीच्या एका हदीसमध्ये आहे. प्रेषित (स.) नमाजमध्ये कर्जापासून अल्लाहचे संरक्षण मागत असत. इतक्या वेळा का, असे विचारले असता त्यांनी सांगितले की माणूस कर्जात पडला की बोलताना खोटे बोलतो आणि वचन देऊन ते मोडतो. येथे तोट्याची नव्हे, तोट्यामागून येणाऱ्या खोटेपणाची धास्ती आहे. ‘उद्या देतो’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो! उद्या देता येणार नाही हे ठाऊक असताना ते बोलणे म्हणजे ओल्या धान्यावर कोरडे धान्य पसरणेच होय.

याच्या उलट बाजूही सांगितली गेली आहे. परत करण्याच्या हेतूने जो लोकांचा पैसा घेतो, त्याच्या वतीने अल्लाह फेड करतो, असे बुखारीतील दुसऱ्या हदीसमध्ये आहे. मात्र ऐपत असताना टाळाटाळ करणे हा अन्याय ठरविला आहे. म्हणून घरातील लग्नाचा थाट तसाच राहावा आणि ज्याचे देणे आहे त्याने फेऱ्या माराव्यात, याला अडचण म्हणता येणार नाही.

तोट्याने खचलेल्या मनासाठीही मार्गदर्शन आहे. जे लाभदायक आहे त्याची इच्छा धरावी, अल्लाहची मदत मागावी, हतबल होऊ नये, आणि संकट आलेच तर ‘असे केले असते तर’ म्हणत बसू नये, कारण हे ‘तर’ सैतानासाठी दार उघडते, असे प्रेषितांनी (स.) शिकविले (सहीह मुस्लिम). चुकीपासून धडा घेण्यास येथे मनाई नाही. जे घडून गेले त्याचा शोक करीत हातपाय गाळण्यास मनाई आहे.

एका कर्जाचा हिशोब

आदरणीय जुबैर बिन अव्वाम (र.) यांची हकीकत बुखारीत सविस्तर आली आहे. लोक त्यांच्याकडे विश्वासाने पैसे ठेवावयास आणीत. ते म्हणत की ही ठेव नको, हे कर्ज समजा. कारण ठेव नष्ट झाली तर तुमचे नुकसान होईल, याची मला भीती वाटते. म्हणजे जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. जमलच्या लढाईच्या दिवशी, हिजरी 36 मध्ये, त्यांनी पुत्र अब्दुल्लाह (र.) यांना सांगितले की आपल्याला सर्वांत मोठी चिंता कर्जाची आहे, मालमत्ता विकून ते फेडावे, आणि अडचण आली तर अल्लाहकडे मदत मागावी.

त्यांच्या निधनानंतर हिशोब झाला तेव्हा कर्ज 22 लाख निघाले. रोख दिनार वा दिरहम मागे राहिला नव्हता; जमीन आणि घरे होती. आदरणीय हकीम बिन हिजाम (र.) यांनी कर्ज किती आहे असे विचारले, तेव्हा अब्दुल्लाह (र.) यांनी प्रथम संकोचून 1 लाख सांगितले, आणि मग खरा आकडा उघड केला. हा संकोच किती मानवी आहे! पण ते तेथेच थांबले नाहीत. 1 लाख 70 हजारांना घेतलेली गाबाची जमीन 16 लाखांना विकली गेली आणि लोकांचे देणे फिटले. वारसांनी वाटणी मागितली, तेव्हा अब्दुल्लाह (र.) यांनी नकार दिला. सलग 4 वर्षे हजच्या वेळी त्यांनी पुकारा केला की जुबैर (र.) यांच्याकडे कोणाचे देणे असेल त्याने यावे. त्यानंतरच वाटणी झाली.

ज्या कर्जाची घरात पूर्ण माहिती होती ते फिटले. वाचकहो, आज आपले डोळे मिटले तर आपल्या मुलाला आपले देणे किती आणि कोणाचे, हे ठाऊक असेल काय? कुरआनची सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकराची 282 वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असे तीत सांगितले आहे.

यशाची परीक्षा

दही-तुपापासून सुरुवात करणारे अब्दुर्रहमान (र.) पुढे अत्यंत संपन्न झाले. एका रोजाच्या संध्याकाळी त्यांच्यासमोर भोजन आले. त्यांना मुसअब बिन उमैर (र.) आठवले, ज्यांच्या कफनासाठी एकच वस्त्र होते, डोके झाकले तर पाय उघडे पडत आणि पाय झाकले तर डोके. ते आपल्याहून श्रेष्ठ होते, असे सांगून, आपल्या सत्कर्मांचे फळ याच जगात तर देऊन टाकले नाही ना, या भीतीने ते रडले आणि जेवण तसेच राहिले. यश मिळालेल्या माणसाने स्वतःला विचारावयाचा प्रश्न हाच आहे. नफा झाला म्हणजे अल्लाह प्रसन्न आहे आणि तोटा झाला म्हणजे नाराज आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे.

आपल्या घरासाठी

या अनुभवांतून काही गोष्टी आजच अंगीकारता येतील. लहान सुरुवात करण्याची लाज बाळगू नये. घरखर्च आणि भांडवल वेगळे ठेवावे. प्रत्येक उधारी, भावाशी असली तरी, लिहून ठेवावी. घरातील निदान एका व्यक्तीला आपले संपूर्ण येणे-देणे ठाऊक असू द्यावे. तोटा होऊ लागला की पहिल्याच महिन्यात घरी सांगावे आणि ज्यांचे देणे आहे त्यांच्याकडे स्वतः जाऊन मुदत मागावी. तोटा झाकण्यासाठी व्याजाचे कर्ज कदापि काढू नये.

आणि वडीलधाऱ्यांस एक विनंती. मुलगा खाली मान घालून ‘अब्बा, धंदा बुडाला’ असे सांगावयास येईल, तेव्हा पहिला शब्द टोमण्याचा नसावा. त्या क्षणी आपण त्याला जे उत्तर देतो त्यावर तो पुढच्या वेळी खरे बोलेल की लपवील, हे ठरते. त्याला जवळ बसवावे, वही मागवावी, आणि देणे किती व कोणाचे ते त्याच्याबरोबर लिहून काढावे.

उपजीविका देणारा अल्लाह आहे. किती द्यावयाचे ते त्याने ठरविले आहे. कशी मिळविली आणि लोकांचे हक्क कसे सांभाळले, हे तो आपल्याला विचारणार आहे. अल्लाह आपणा सर्वांना हलाल कमाई, स्वच्छ हिशोब आणि तोट्यातही खरे बोलण्याचे धैर्य प्रदान करो. आमीन.