सोयाबीनचा ओलावा : यंत्राचा आकडा कसा मिळतो व कसा पारखावा

सोयाबीनची रास खळ्यावर पडली म्हणजे वर्षाचे श्रम फळास आले असे आपण म्हणतो. परंतु त्या श्रमांचे मोल ठरण्यापूर्वी खरेदी केंद्रावर एक लहानसे यंत्र मध्ये उभे राहते. त्यात दाणे ओतले की काही क्षणांत ओलाव्याचा आकडा उमटतो. आधारभूत किमतीच्या खरेदीत ही मर्यादा सर्वसाधारणपणे १२ टक्के धरली जाते. २०२४-२५ च्या खरीप मालासाठी केंद्र शासनाने ती त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. मर्यादा १२ ची असताना आकडा ११.९ आला तर माल घेतला जातो, १२.४ आला तर गाडी माघारी फिरते. म्हणून हा आकडा कोठून येतो, हे शेतकऱ्याने व गावपातळीवरील कार्यकर्त्याने नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

यंत्र काय मोजते?

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, यंत्र दाण्यातील पाणी प्रत्यक्ष मोजीत नाही. यंत्राच्या भांड्यात धातूचे दोन पृष्ठभाग समोरासमोर असतात व त्यांच्यामध्ये दाणे पडतात. या जोडीत विजेचा भार साठविण्याची जी शक्ति असते, ती मधल्या पदार्थावर अवलंबून असते. हवेच्या मानाने पाणी ही शक्ति सुमारे ८० पटींनी वाढविते; कोरडा दाणा मात्र ती थोड्याच पटींनी वाढवितो. त्यामुळे दाण्यात पाणी किंचित् वाढले तरी ही शक्ति बदलते. हा बदल टिपणाऱ्या भागास सेन्सर म्हणतात, आणि त्याच्याकडून येणाऱ्या विजेच्या खुणेस संकेत म्हणतात.

संकेतावरील संस्कार

कच्चा संकेत म्हणजे ओलाव्याचा आकडा नव्हे. धान्य पाखडून घ्यावे त्याप्रमाणे यंत्र तो निवडून घेते. एक, ते थोड्या वेळात अनेकदा मोजून सरासरी काढते. दोन, दाण्याचे उष्णतामान पाहून दुरुस्ती करते. कारण ओलावा तोच असूनही ऊन दाण्याचा संकेत निराळा येतो. तीन, त्या पिकासाठी आधी तयार केलेल्या कोष्टकावरून संकेताचे टक्क्यांत रूपांतर करते. हे कोष्टक प्रत्येक पिकाचे वेगळे असते. यंत्रावर गव्हाची निवड ठेवून सोयाबीन मोजल्यास येणारा आकडा निरर्थक होय.

चुका दोन जातींच्या

पहिली चूक अनियमित असते. दाणे कधी दाट बसतात, कधी विरळ, टेबल हलते, आकडा थोडा वरखाली होतो. अशी चूक सरासरीने कमी होते. चार मोजण्यांच्या सरासरीत ती साधारण निम्म्यावर येते, तर नऊ मोजण्यांत तिसऱ्या हिश्श्यावर.

दुसरी चूक तराजूच्या पासंगासारखी असते. यंत्रच नेहमी अर्धा टक्का जास्त दाखवीत असेल तर शंभर वेळा मोजूनही ती चूक जात नाही. पासंग काढण्यास प्रमाण वजन लागते. त्याचप्रमाणे येथे भट्टीची कसोटी लागते. प्रयोगशाळेत दाणे सुमारे १०३ अंश सेल्सिअसवर वजन स्थिर होईपर्यंत तापवितात व घटलेल्या वजनावरून ओलावा काढतात. त्याच मालाचा यंत्रावरील आकडा याच्याशी ताडून पाहिला म्हणजे यंत्राचा पासंग कळतो.

एक उदाहरण

समजा, पाच मोजण्यांचे आकडे ११.८, १२.०, ११.९, १४.६ व ११.७ असे आले. यांची सरासरी १२.४ होते; म्हणजे माल मर्यादेबाहेर गेला. पण आकडे चढत्या क्रमाने मांडले असता मधला आकडा ११.९ येतो. एकाच विसंगत आकड्याने सरासरी वर ओढली आहे. तरीही तो आकडा सोयीचा नाही म्हणून टाकून देऊ नये. तेच दाणे पुन्हा मोजावेत. या खेपेस ११.९ च्या जवळपास आकडा आला तर चूक मोजणीची होती. पुन्हा १४.६ च आला तर पोत्यात कोठे तरी भिजलेले दाणे आहेत असे समजून पोती वेगळी काढावीत.

प्रत्यक्ष कृति

१. पोत्याच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागातून दाणे घेऊन एकत्र करावेत. काडीकचरा, माती व शेंगांची टरफले काढावीत.
२. वाळवणावरून उचललेले ऊन दाणे लगेच मोजू नयेत. दाण्याचे बाहेरचे अंग कोरडे व आतले ओलसर असते. सावलीत काही तास ठेवून मग मोजावे. पहाटेच्या दवाने ओले झालेले दाणेही तसेच मोजू नयेत.
३. यंत्रावर सोयाबीनचीच निवड आहे ना, हे पाहावे. सांगितले असेल तितकेच वजन किंवा माप घ्यावे व दाणे एकसारख्या धारेने ओतावेत, दाबू नयेत.
४. निदान तीन वेळा भांडे रिकामे करून पुन्हा मोजावे व सर्व आकडे लिहून ठेवावेत.

वाळवण्याचा हिशेब

माल वाळविल्याने वजन घटते, ही शेतकऱ्याची शंका रास्त आहे. १५ टक्के ओलाव्याच्या १०० किलो सोयाबीनमध्ये ८५ किलो कोरडा अंश असतो. १२ टक्क्यांवर हाच अंश वजनाच्या ८८ टक्के होतो. म्हणून वजन सुमारे ९६.६ किलो भरेल. घट ३.४ किलोची, आणि तीही केवळ पाण्याची. याहून जास्त कपात कोणी सांगितल्यास हा हिशेब त्याच्यापुढे मांडावा.

कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावात यंत्र आणून एकाच राशीचे दाणे पाच वेळा सर्वांसमक्ष मोजून दाखवावेत. घरून निघण्यापूर्वीच ज्याला आपल्या मालाचा आकडा ठाऊक आहे, त्याला गाडीभाड्याचा भुर्दंड सहसा पडत नाही, आणि केंद्रावर पुन्हा मोजणी मागताना त्याचा शब्दही खाली पडत नाही.