यलोस्टोनने शिकवलेलं अंतर

अमेरिकेतलं यलोस्टोन १८७२ साली राष्ट्रीय उद्यान झालं; जगातलं ते पहिलं. जमिनीखाली ज्वालामुखीची धग, वर बायसन, अस्वलं आणि लांडगे. तिथे फिरताना मनावर ठसलेल्या या काही गोष्टी.

१. एका दिवसात उरकू नका.
उद्यानातला मुख्य रस्ता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वळतो आणि सुमारे २३० किलोमीटर भरतो. बायसनचा कळप रस्त्यावर आला की गाड्या थांबतात आणि कळपाची मर्जी होईल तेव्हाच हलतात. तो वेळ वाया गेला असं मानू नका. तेच बघायला तर आलोय!

२. कुंड दिसलं म्हणून पाय बुडवायचा नाही.
वज्रेश्वरी, उन्हवरे इथल्या गरम पाण्याच्या कुंडांत स्नान करणाऱ्या आपल्या मनाला हे पटकन पचत नाही. पण यलोस्टोनमधली बरीच कुंडं अक्षरशः उकळत असतात. त्या उंचीवर पाणी ९३ अंश सेल्सिअसलाच उकळतं. काठची जमीन घट्ट दिसते, पण कित्येक ठिकाणी तो नुसता पापुद्रा असतो आणि खाली उकळतं पाणी. आजवर वीसहून अधिक माणसं त्यात भाजून दगावली आहेत. फळ्यांची पायवाट सोडू नका आणि लहान मुलांचा हात तर क्षणभरही सोडू नका.

३. पाण्यात नाणं टाकू नका.
मॉर्निंग ग्लोरी नावाचं कुंड एके काळी गडद निळं होतं. पर्यटकांनी त्यात नाणी आणि कचरा टाकला, गरम पाण्याची वाट तुंबली आणि पाणी थोडं निवलं. मग कडेचे पिवळे-केशरी सूक्ष्मजीव आत सरकले. जुना निळा रंग अजून पूर्ण परतलेला नाही. नदीत श्रद्धेने नाणं टाकणाऱ्या आपण हे कुंड आवर्जून पाहावं.

४. रंग उंचावरून पाहा.
ग्रँड प्रिझमॅटिक या विशाल कुंडाशेजारी उभं राहिलं की बहुतेक वेळ वाफच दिसते. फेअरी फॉल्सच्या वाटेने टेकडीवर चढा. मधला निळा, भोवतीचे पिवळे-केशरी पट्टे तिथून उलगडतात. हे पट्टे उष्णता सोसणाऱ्या सूक्ष्मजीवांचे. यलोस्टोनच्याच एका झऱ्यात १९६६ साली थर्मस अ‍ॅक्वाटिकस हा जिवाणू सापडला, आणि त्याच्यापासून मिळालेल्या विकरामुळे डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर तंत्र जगभर पोचलं. ज्या पाण्याकडे आपण नुसतं ‘छान’ म्हणून पाहतो, त्यात केवढं ज्ञान दडलेलं असतं!

५. दुर्बीण न्या, जवळ जाऊ नका.
बायसनपासून आणि एल्क नावाच्या मोठ्या हरणांपासून किमान २३ मीटर, अस्वल आणि लांडग्यांपासून ९१ मीटर दूर राहायचं, हा तिथला नियम आहे. बायसन संथपणे चरत असला तरी माणसाच्या तिप्पट वेगाने धावू शकतो. या उद्यानात इतर कोणत्याही प्राण्यापेक्षा जास्त माणसं त्याच्यामुळेच जखमी झाली आहेत. त्याने शेपूट उभारलं तर फोटोचा मोह सोडून मागे फिरा. आपल्याकडे न बघता चरत राहिलेलं जनावर दिसणं, हेच खरं दर्शन.

६. पहाट लामार खोऱ्याला द्या.
तिथे लांडगे पाहायला रस्त्याकडेला दुर्बिणी लावून बसलेली माणसं भेटतात. त्यांना विचारा, बहुतेक जण आपल्या दुर्बिणीतून आनंदाने दाखवतात. १९२६ पर्यंत या उद्यानातले लांडगे माणसाने मारून संपवले होते. लांडगे गेल्यावर एल्क वाढले आणि कोवळी झाडं खाल्ली जाऊ लागली. १९९५ साली कॅनडातून लांडगे आणून सोडले, आणि आज त्यांची पुढची पिढी इथे शिकार करते आहे.

कुंडाचा गेलेला रंग अजून परतला नाही, गेलेले लांडगे मात्र परतले. काही चुका निस्तरता येतात, काही नाही, आणि कुठली कोणती ते आधी कळत नाही. म्हणून निसर्गापाशी जाताना अंतर राखायचं. माझ्या मते तीच तिथली खरी पूजा.