वाळू तीच, बेंटोनाइट तेच, मग कास्टिंग का बिघडतं? मिश्रणातल्या प्रमाणाचा हिशोब



कोल्हापुरात एकाच गल्लीतल्या दोन घरांत कांदा-लसूण चटणी होते. मिरची, कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धने सगळं एकाच दुकानातलं आणि कांडपही एकाच ठिकाणचं. तरी एका घरची चटणी वर्षभर टिकते आणि दुसऱ्या घरची चार महिन्यांत खवट होते. यादी सारखी होती, प्रमाण वेगळं होतं.

आजचा धडा याच गोष्टीवर आहे. उदाहरण मात्र चटणीचं नाही, आपल्या कोल्हापूरच्या फौंड्रीचं घेऊया. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या पट्ट्यात रोज जे बिडाचे भाग ओतले जातात, त्यांतले बरेचसे ओल्या वाळूच्या साच्यात तयार होतात. ही वाळू म्हणजे चार गोष्टींचं मिश्रण. ते नीट समजलं की पेव्हर ब्लॉक, साबण, मसाला, अगरबत्ती अशा कुठल्याही मिश्रणाच्या धंद्याकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल.

आधी ओळख: 'ग्रीन सँड' हिरवी नसते

फौंड्रीत ज्याला ग्रीन सँड म्हणतात ती दिसायला काळी असते. इथे 'ग्रीन' म्हणजे ओली, न भाजलेली. साचा वाळवत किंवा भाजत नाहीत, ओला असतानाच त्यात रस ओततात. त्या वाळूत असतं काय?

१. सिलिका वाळू: साधारण ८५ ते ९० टक्के. हा साच्याचा सांगाडा.
२. बेंटोनाइट: साधारण ६ ते १० टक्के. ही एक प्रकारची चिकण माती, आपल्याकडे मुख्यतः गुजरातच्या कच्छमधून येते. हा डिंक समजा.
३. कोल डस्ट: साधारण ३ ते ६ टक्के. कास्टिंगचा पृष्ठभाग साफ निघावा म्हणून.
४. पाणी: साधारण ३ ते ४ टक्के. सगळ्यात स्वस्त घटक आणि सगळ्यात जास्त नुकसान करू शकणाराही.

हे आकडे फक्त अंदाज यावा म्हणून दिलेत. मशिन मोल्डिंग आहे की हाताने, जॉब किती वजनाचा आहे, भिंत किती जाड आहे, यावर प्रत्येक फौंड्रीची रेसिपी बदलते.

प्रत्येक घटक काय देतो आणि काय हिरावून घेतो

मिश्रणात फक्त फायदा देणारा घटक नसतो. प्रत्येक जण काहीतरी देतो आणि त्याची किंमत वसूल करतो. एकेक बघूया.

*वाळू.* सिलिका १,७०० अंश सेल्सियसच्या आसपास वितळते. बीड साधारण १,३५० ते १,४०० अंशाला ओततात, म्हणजे वाळू टिकते. पण ५७३ अंशाला सिलिकाच्या कणाची आतली रचना बदलते आणि कण एकदम फुगतो. साच्याच्या पृष्ठभागावरचे सगळे कण एकाच वेळी फुगले आणि त्यांना सरकायला जागा नसली, तर तो थर उचलला जातो आणि कास्टिंगवर खपली आल्यासारखा दोष येतो. त्याला स्कॅब म्हणतात. कण किती बारीक, हाही प्रश्न आहेच. बारीक कणांनी पृष्ठभाग गुळगुळीत येतो, पण कणांमधली जागा कमी झाल्याने गॅस बाहेर पडायला अडचण होते.

*बेंटोनाइट.* पाणी मिळालं की ते फुगतं आणि वाळूच्या प्रत्येक कणाभोवती पातळ थर धरतं. कमी पडलं तर साच्याचे कोपरे ढासळतात आणि रसाच्या धारेने वाळू वाहून कास्टिंगमध्ये अडकते. जास्त झालं तर पाणी जास्त लागतं, हवा जायची वाट बुजते, आणि थंड झाल्यावर साचा इतका कडक होतो की वाळू झाडून काढणं जड जातं.

*कोल डस्ट.* गरम रस साच्यात आला की कोळशातून वायू निघतात. त्यामुळे आतला ऑक्सिजन कमी होतो आणि कणांवर कार्बनचा थर बसतो. मग लोखंड वाळूला चिकटत नाही आणि फेटलिंगला वेळ कमी लागतो. पण प्रमाण वाढलं की धूर वाढतो, गॅस वाढतो, आणि ही भुकटी स्वतःही पाणी पिते.

*पाणी.* पाण्याशिवाय बेंटोनाइट म्हणजे नुसती पूड. पण एक लिटर पाण्याची १०० अंशाला साधारण १,७०० लिटर वाफ होते, आणि साच्यात तर तापमान त्याहून कितीतरी जास्त. ही वाफ वाळूतून बाहेर गेली नाही तर रसात शिरते. कास्टिंग कापलं किंवा मशिनिंगला लावलं की आत पोकळी दिसते. तोच ब्लो होल. त्यात वाईट हे की तो बहुतेक वेळा मशिनिंगचा खर्च झाल्यावर गिऱ्हाइकाकडे सापडतो.

खरी गोष्ट टक्क्यात नाही, नात्यात आहे

आता धड्याचा मुख्य भाग. नीट वाचा.

नवीन माणूस विचारतो, "पाणी किती टक्के ठेवायचं?" जाणकार विचारतो, "माती किती आहे?" कारण पाण्याचं काम मातीशी आहे. बेंटोनाइटची ताकद पाणी आणि जिवंत माती यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. साधारण ०.३५ ते ०.४५ या पट्ट्यात ती चांगली मिळते.

एक हिशोब करू. माती ८ टक्के, पाणी ३.२ टक्के. गुणोत्तर ०.४०. छान.

आता कोणीतरी सांगितलं, "साचा ढासळतोय, बेंटोनाइट वाढव." माती १० टक्के केली, पाणी तेवढंच ठेवलं. गुणोत्तर ०.३२. डिंक जास्त टाकला, पण तो भिजलाच नाही. साचा आधीपेक्षा ठिसूळ! पैसे खर्च झाले आणि दोष वाढला.

उलट बघा. माती कमी होत होत ६.४ टक्क्यांवर आली, पाणी ३.२ टक्केच. गुणोत्तर ०.५०. आता वाळू चिकट, ओली, गॅस करणारी. पाण्याला कोणी हात लावला नाही, तरी पाणी 'जास्त' झालं.

म्हणून हे वाक्य वहीत लिहून ठेवा: मिश्रणात एक घटक बदलला की बाकी सगळ्यांचा अर्थ बदलतो.

माती कमी कशी होते? कोणी काढली तर नाही!

इथे बरेच जण चकतात. वाळू एकदा वापरून फेकून देत नाहीत. तीच वाळू परत येते, मिसळते, परत साच्यात जाते. पण प्रत्येक फेरीत दोन गोष्टी घडतात.

पहिली: रसाला लागून असलेला मातीचा थर जळतो. ती माती मरते, म्हणजे पुन्हा पाणी घातलं तरी चिकटत नाही. वजनात ती दिसते, कामात नसते, आणि बारीक पूड होऊन पाणी पीत बसते.

दुसरी: कोअरची वाळू फुटून मूळ वाळूत मिसळते. समजा १,००० किलो वाळूत ८ टक्के, म्हणजे ८० किलो माती आहे. त्यात ५० किलो कोअरची वाळू आली. आता ८० किलो माती १,०५० किलोत विभागली गेली, म्हणजे ७.६ टक्के. जड कोअरचा जॉब आठवडाभर चालला तर हा आकडा रोज घसरत जातो. म्हणूनच दर घाण्याला थोडं नवं बेंटोनाइट घालावं लागतं, आणि जॉब बदलला की तो आकडाही बदलावा लागतो.

"रोज दोन डबे पाणी" हा फॉर्म्युला का फसतो

मुलरमध्ये २०० किलोचा घाणा आहे. परतीच्या वाळूत ओल १.८ टक्के आहे आणि आपल्याला ३.२ टक्के हवी. साधारण २.९ लिटर पाणी लागेल. मिस्त्रीने ठरवलं, दर घाण्याला एवढं पाणी. आठवडाभर काम सुरळीत.

मग पावसाळी सोमवार उजाडतो. वाळू रविवारभर पडून आहे, शेड थोडी गळते, परतीच्या वाळूत ओल २.६ टक्के आहे. त्यात तेच २.९ लिटर पाणी पडलं. झाली ओल जवळपास ४ टक्के! गुणोत्तर ०.४० वरून ०.४९ च्या पुढे गेलं. दुपारपर्यंत ब्लो होल सुरू, आणि सगळे भट्टीवाल्याकडे बोट दाखवतात.

उन्हाळ्यात नेमकं उलटं. परतीची वाळू गरम असते. मुलरमध्ये पाणी बरोबर असतं, पण मोल्डरच्या हातात जाईपर्यंत वाफ होऊन उडून जातं. म्हणून ओल मुलरवर मोजून भागत नाही, साचा भरतो तिथेही मोजा. आणि वाळू थंड होऊ द्या.

म्हणजे किती घातलं याला अर्थ नाही, शेवटी किती झालं याला आहे.

महागडी लॅब नसली तरी काय मोजता येईल?

*ओल:* ५० ग्रॅम वाळू अचूक काट्यावर घ्या. १०५ ते ११० अंशाला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, पुन्हा वजन करा. ४८.४ ग्रॅम भरलं तर १.६ ग्रॅम पाणी गेलं, म्हणजे ३.२ टक्के. जास्त तापवू नका, नाहीतर कोल डस्ट जळून आकडा खोटा येईल.

*मूठ चाचणी:* वाळू मुठीत दाबा. बोटांचे ठसे स्पष्ट उठले, गोळा मधून मोडल्यावर कडा सरळ राहिल्या आणि हाताला ओल लागली नाही, तर वाळू ठीक. जुने मोल्डर यावरच काम करायचे आणि आजही ही चाचणी उपयोगी आहे. फक्त तिच्या शेजारी आकडाही लिहा.

*बाकीच्या चाचण्या:* कॉम्पॅक्टेबिलिटी, म्हणजे सैल वाळू ठराविक दाबाने किती टक्के बसते. पर्मिएबिलिटी, म्हणजे हवा किती सहज जाते. मिथिलीन ब्लू चाचणी, म्हणजे जिवंत माती किती. या सुरुवातीला बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून घेता येतात.

आणि एक गोष्ट हिशोबात न धरता पाळायची: सिलिकाच्या बारीक धुळीने फुप्फुसं कायमची निकामी होऊ शकतात. धूळ ओढणारी व्यवस्था आणि योग्य मास्क पहिल्या दिवसापासून हवेत. कामगाराचा श्वास हा खर्च कमी करायची जागा नाही.

आता पैशाचं गणित

समजा तुम्ही रोज १,००० किलो कास्टिंग करता. एक किलो कास्टिंगला सहा किलो वाळू लागते असं धरू, म्हणजे ६,००० किलो वाळू फिरते. नवं बेंटोनाइट १ टक्का घालत होता, खर्च वाचवायला ०.७ टक्के केलं. रोज १८ किलो वाचलं. १० रुपये किलो धरलं तर बचत १८० रुपये.

पण त्यामुळे रिजेक्शन ४ टक्क्यांवरून ८ टक्के झालं. ४० किलो माल जास्त बाद. विक्रीचा दर १०० रुपये किलो आणि बाद माल पुन्हा वितळवायला मिळतो म्हणून त्याची किंमत ४० रुपये धरू. किलोमागे तोटा ६० रुपये, एकूण २,४०० रुपये.

१८० वाचवले, २,४०० घालवले. आकडे समजुतीसाठी आहेत, तुमचे दर टाकून बघा. पण बहुतेक मिश्रणांच्या धंद्यात चित्र असंच निघतं. जो घटक प्रमाणात थोडा असतो, तोच गुण ठरवतो, आणि काटकसरीची कात्री पहिली त्याच्यावरच चालते.

तुमच्या धंद्याला हे कसं लावाल?

पेव्हर ब्लॉक करणार असाल तर तुमचं नातं पाणी आणि सिमेंटचं. पाणी वाढवलं की माल साच्यात सहज बसतो, पण जादा पाणी उडून गेल्यावर बारीक छिद्रं राहतात आणि ब्लॉक कमजोर होतो. खडी-वाळू पावसात भिजलेली असेल तर ते पाणीही हिशोबात धरा. साबण करणार असाल तर तेल आणि कॉस्टिकचं नातं, आणि ते तेलागणिक बदलतं. चटणी-मसाला करणार असाल तर ओल आणि मिठाचं नातं, त्यावर टिकाऊपणा ठरतो.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या मालातले सगळे घटक लिहा. प्रत्येकासमोर दोन रकाने: 'काय देतो' आणि 'जास्त झाला तर काय बिघडवतो'. दुसरा रकाना रिकामा राहिला तर तो घटक तुम्हाला अजून कळलेला नाही.

२. कुठल्या दोन घटकांचं गुणोत्तर गुण ठरवतं ते शोधा. तोच आकडा रोज मोजायचा.

३. घटक वजनावर मोजा. डबा, फावडं, मूठ ही मापं माणसागणिक बदलतात.

४. प्रयोग करताना एका वेळी एकच घटक बदला. दोन बदलले तर सुधारलं कशामुळे आणि बिघडलं कशामुळे, दोन्ही कळणार नाही.

५. एक वही करा. तारीख, हवामान, प्रत्येक घटकाचं वजन, शेवटची ओल, किती माल बाद, कशाने बाद. तीन महिने प्रामाणिकपणे लिहा.

ती वही तुमची खरी मालमत्ता. मशिन कोणीही विकत घेईल, कच्चा माल तर सगळ्यांना त्याच दुकानातून मिळतो. पण तुमच्या शेडमध्ये, तुमच्या पावसाळ्यात, तुमच्या जॉबला कुठलं प्रमाण चालतं हे कुठल्याच दुकानात मिळत नाही. आणि मिस्त्री सोडून गेला तरी दुसऱ्या दिवशी काम थांबत नाही, कारण रेसिपी त्याच्या डोक्यात नसते, तुमच्या कपाटात असते.

पुढच्या भागात याच वहीवरून मालाचा किलोमागे खर्च कसा काढायचा ते बघू. तोपर्यंत काटा आणा आणि मोजायला सुरुवात करा.