एचटीटीपीच्या शेपटीतला 'एस'

संगणकावर किंवा मोबाइलवर एखादे संकेतस्थळ उघडा आणि वरच्या पट्टीतील पत्त्यावर टिचकी मारा. पूर्ण पत्ता दिसू लागला, की त्याच्या आरंभी बहुधा 'एचटीटीपीएस' ही अक्षरे आढळतील. वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या पुस्तकात छापलेला पत्ता पाहिलात, तर तेथे बहुतेक 'एचटीटीपी' एवढेच असेल. शेवटचा 'एस' मागाहून आला. 'सुरक्षित' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे ते आद्याक्षर होय.

मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पात असे जुने पत्ते शेकड्यांनी विखुरलेले असतात. त्या प्रत्येकापुढे एक अक्षर वाढवायचे, हे काम कोणालाही सोपे वाटेल. पण याच एका अक्षरापायी १५ जानेवारी २०२० या दिवशी जगभरच्या अनेक प्रोग्रामरांची कामे अडून बसली. असे का झाले आणि ते होणे योग्य का होते, हे समजावून घेण्यासाठी थोडे मुळाशी जावे लागेल.

एचटीटीपी म्हणजे दोन संगणकांनी एकमेकांशी बोलण्याचे नियम. टिम बर्नर्स-ली यांनी ते १९९० च्या सुमारास जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत तयार केले. सर्न ही मूलकणांच्या संशोधनाची संस्था. (वर्ल्ड वाइड वेबचा जन्म भौतिकीच्या घरात झाला, याचा आम्हा भौतिकी शिकवणाऱ्यांना थोडा अभिमान वाटतो, तेवढा तुम्ही खपवून घ्यावा!) संशोधकांनी आपले लेख एकमेकांना सहज वाचायला द्यावेत, हा मूळ हेतू. तेथे कुलुपाची गरज कोणाला भासणार? म्हणून एचटीटीपीने पाठवलेला मजकूर उघड्या पोस्टकार्डासारखा प्रवास करतो. तुमच्या संगणकापासून दूरच्या सर्व्हरपर्यंत जाताना तो वाटेतल्या अनेक यंत्रांतून पुढे ढकलला जातो आणि त्यांपैकी कोणालाही तो वाचता येतो.

येथे वर्गात एक प्रश्न हमखास येतो: "सर, मी काही गुप्त पाठवतच नसेन, तर कोणी वाचले म्हणून काय बिघडले?" प्रश्न चांगला आहे. पोस्टकार्ड वाचता येते एवढीच अडचण असती, तर फारसे बिघडले नसते. पण ज्याच्या हाती पोस्टकार्ड पडते त्याला ते खोडून त्यावर दुसरे काही लिहिताही येते! 'दहा तारखेला येतो' याचे 'वीस तारखेला येतो' करायला कितीसा वेळ लागतो? तेव्हा गुप्तता हा एक प्रश्न झाला, मजकूर वाटेत बदलला नाही ना हा दुसरा, आणि पाठवणारा खरोखर तोच आहे ना हा तिसरा. आपल्या गोष्टीत पहिल्यापेक्षा दुसरा आणि तिसरा प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत.

आता सॉफ्टवेअर प्रकल्पाकडे वळू. आज कोणीही संपूर्ण प्रोग्राम स्वतः लिहीत नाही. सायकलच्या कारखान्यात चेन, बेअरिंग, टायर बाहेरून येतात, तसेच येथेही. तारखा वाचण्याचा भाग एकाने लिहिलेला, चित्रे दाखवण्याचा दुसऱ्याने. अशा तयार भागांना 'लायब्ररी' म्हणतात. जावा या भाषेत काम करणारे बरेचसे लोक 'मेव्हन' नावाचे साधन वापरतात. प्रकल्पाच्या एका फाइलमध्ये कोणता भाग, कोणत्या आवृत्तीचा हवा, हे लिहून ठेवायचे. मेव्हन तो भाग 'मेव्हन सेंट्रल' नावाच्या सार्वजनिक कोठारातून आपोआप उतरवून घेते. त्या भागाला आणखी चार भाग लागत असतील तर तेही आणते. तुम्ही दोन ओळी लिहाव्यात आणि संगणकावर चाळीस फाइली येऊन पडाव्यात, असा हा प्रकार. त्यांतल्या काही तर प्रकल्प बांधला जात असतानाच तुमच्या संगणकावर चालू लागतात.

या सर्व फाइली जगजाहीर. कोणीही फुकट घ्याव्यात. गुप्त असे त्यांत काही नाही. म्हणून वर्षानुवर्षे त्या साध्या एचटीटीपीनेच उतरवल्या जात. २०१४ च्या जुलैमध्ये एका प्रोग्रामरने याचा अर्थ काय होतो ते करून दाखवले. त्याने मध्ये बसणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. मेव्हनने फाइल मागितली की हा ती अडवी आणि तिच्यात आपला तुकडा घुसवून पुढे धाडी. उपाहारगृहातल्या सार्वजनिक वाय-फायवर बसून काम करणाऱ्या प्रोग्रामरचा संगणक अशा रीतीने परक्याच्या ताब्यात जाऊ शकत होता. तो प्रोग्रामर बँकेसाठी किंवा रुग्णालयासाठी सॉफ्टवेअर तयार करीत असेल, तर त्याच्या संगणकात शिरलेली घाण पुढे कोठवर पोचेल याची कल्पनाच केलेली बरी.

'पण फाइलसोबत तपासणी-संख्या असते ना?' असे जाणकार विद्यार्थी विचारतील. असते. फाइलमधील सर्व अंकांवर ठरावीक गणिती क्रिया करून एक संख्या काढतात आणि फाइल बदलली की ती संख्याही बदलते. गोम एवढीच, की ती संख्याही त्याच एचटीटीपीने येत होती! ज्याने पोते बदलले त्यानेच वजनाची चिठ्ठीही नवी लिहिली, तर तराजू काय करणार? वाटेतल्या तारेची झीज किंवा अपुरी राहिलेली फाइल ओळखायला तपासणी-संख्या उत्तम. चोर ओळखायला ती या रीतीने उपयोगाची नाही.

मग उपाय कोणता? दोघांनी मजकूर सांकेतिक रूपात पाठवावा, हे उघड आहे. पण त्यासाठी दोघांजवळ एकच किल्ली हवी आणि ती किल्ली पाठवायची तर त्याच उघड्या वाटेने! या पेचातून सुटण्याची एक युक्ती व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. ती इतकी सुंदर आहे, की लहान संख्या घेऊन येथे करून पाहण्याचा मोह आवरत नाही.

समजा, आशा व विनय यांनी सर्वांसमक्ष दोन संख्या ठरवल्या: १७ ही मूळ संख्या आणि ३. आशाने मनात ६ धरला, विनयने ७. हे दोन आकडे ते कोणालाही सांगत नाहीत, एकमेकांनाही नाही. आशा ३ चा ६ वा घात काढते, ७२९. त्याला १७ ने भागून बाकी उरते १५. विनय ३ चा ७ वा घात काढतो, २१८७. बाकी ११. आता आशा '१५' असे ओरडून सांगते आणि विनय '११'. सगळे ऐकतात. आशा ११ चा ६ वा घात घेते, १७७१५६१, आणि १७ ने भागते. बाकी ८. विनय १५ चा ७ वा घात घेतो, १७०८५९३७५. १७ ने भागून बाकी ८! दोघांना एकच संख्या मिळाली आणि ती संख्या कोणी उच्चारलीच नाही. कारण उघड आहे: ३ चा आधी सहावा व मग सातवा घात घ्या किंवा उलट क्रमाने घ्या, शेवटी ४२ वाच घात होतो.

ऐकणाऱ्याला मात्र १५ वरून ६ शोधायचा आहे. १७ सारख्या लहान संख्येत तो एकेक घात करून पाहील आणि दोन मिनिटांत शोधील. पण मूळ संख्या सहाशेहून अधिक अंकी घेतली, तर घात घेऊन बाकी काढणे संगणकाला सोपे राहते आणि उलट वाटेने जाणे त्याच्याही आवाक्याबाहेर जाते. प्रत्यक्ष व्यवहारात आज याच कल्पनेची सुधारलेली रूपे वापरतात.

एवढ्याने काम भागले असे वाटेल. नाही भागले! मध्ये बसलेला माणूस नुसता ऐकणारा नसून बदलणारा असेल, तर तो आशाशी 'मीच विनय' म्हणून आणि विनयशी 'मीच आशा' म्हणून स्वतंत्रपणे हाच खेळ खेळेल. त्याच्याजवळ दोन्ही किल्ल्या येतील आणि त्या दोघांना पत्ताही लागणार नाही. म्हणून ओळख पटवणे आले. सर्व्हरकडे त्याच्या नावाचे प्रमाणपत्र असते. त्यावर एखाद्या प्रमाणन-संस्थेची गणिती सही असते आणि कोणत्या संस्थांच्या सह्या मानायच्या याची यादी तुमच्या ब्राउझरबरोबर किंवा संगणकाबरोबर आधीच आलेली असते. किल्ली ठरवणे, ओळख पटवणे आणि मजकुरात फेरफार झाल्यास तो पकडणे या तिन्ही गोष्टी मिळून तो 'एस' होतो. नेटस्केप कंपनीने १९९५ मध्ये याची पहिली रूपे वापरात आणली.

मग सगळ्यांनी तेव्हाच तो का स्वीकारला नाही? एक तर प्रमाणपत्राला दरवर्षी पैसे मोजावे लागत. दुसरे म्हणजे या आकडेमोडीचा बोजा त्या काळच्या सर्व्हरांना जड वाटे. मेव्हन सेंट्रलपुरते बोलायचे तर २०१४ पर्यंत सुरक्षित जोडणी हवी असणाऱ्याला दहा डॉलरची देणगी देऊन ती मिळवावी लागे. वरील प्रात्यक्षिकानंतर महिन्याभरातच, ऑगस्ट २०१४ मध्ये, ती सर्वांना खुली झाली. पुढे डिसेंबर २०१५ पासून 'लेट्स एन्क्रिप्ट' ही ना-नफा सेवा कोणालाही फुकट प्रमाणपत्र देऊ लागली आणि पैशाची सबबही उरली नाही.

तरीसुद्धा जुने पत्ते फाइलींत तसेच राहिले. चालते आहे त्याला हात कोण लावणार! २०१९ च्या मध्याला मेव्हन सेंट्रलमधून होणाऱ्या उतरवणीचा सुमारे पाव हिस्सा अजून साध्या एचटीटीपीनेच चालला होता. तेव्हा कोठाराच्या चालकांनी तारीख जाहीर करून १५ जानेवारी २०२० पासून जुने दार बंद केले. त्या दाराने येणाऱ्याला फाइलऐवजी '५०१, एचटीटीपीएस आवश्यक' एवढे उत्तर मिळू लागले. लेखाच्या आरंभी सांगितलेली अडवणूक ती हीच.

जुन्या दाराशी 'पलीकडच्या दाराने या' अशी पाटी लावली असती तर लोकांची कामे अडली नसती, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. मला तो पटत नाही. ती पाटीसुद्धा एचटीटीपीनेच यायची, म्हणजे मध्ये बसलेला माणूस ती काढून आपली पाटी लावू शकला असता. पहिले पाऊलच उघड्या वाटेवर पडते, तोवर पुढच्या सुरक्षित वाटेचा भरवसा नाही. थोडा त्रास झाला, पण दार बंद करणे हाच खरा इलाज होता. २०२१ मध्ये आलेल्या मेव्हनच्या ३.८.१ या आवृत्तीने तर बाहेरच्या कोठाराचा असुरक्षित पत्ता दिसला, की तेथे जाण्याचेच नाकारले.

आता प्रत्यक्ष बदलाकडे. सगळ्या फाइलींत 'एचटीटीपी' शोधावे आणि त्याजागी 'एचटीटीपीएस' घालावे, असा झटपट मार्ग कोणालाही सुचेल. त्यात एक मजेदार खड्डा आहे. एक्सएमएल पद्धतीच्या फाइलींच्या डोक्यावर एचटीटीपीने सुरू होणारी एक ओळ असते. ती दिसते पत्त्यासारखी, पण तो पत्ता नव्हे. ते नाव आहे. ही फाइल अमुक कुळातली, एवढेच ते सांगते आणि ती वाचणारा प्रोग्राम इंटरनेटवर कोठेही न जाता ते नाव अक्षर न् अक्षर जुळवून पाहतो. मुंबईतल्या धोबी तलावावर आज तलाव नाही. म्हणून कोणी पाकिटावरचे नाव 'सुधारून' लिहिले, तर पत्र पोचेल काय? तसेच हे. एसव्हीजी प्रकारच्या चित्राच्या फाइलीतील नावाला 'एस' जोडला, तर ब्राउझर ते चित्र काढायचेच थांबतो. मेव्हनच्या प्रकल्प-फाइलीच्या आरंभीही असेच नाव असते आणि तिच्यातच खाली कोठारांचे खरे पत्ते असतात. एक सोडायचे, दुसरे बदलायचे.

खरे पत्तेही डोळे मिटून बदलता येत नाहीत. एचटीटीपी ८० क्रमांकाच्या द्वारावर ऐकते, तर एचटीटीपीएस ४४३ क्रमांकाच्या. जुन्या सर्व्हरवर ४४३ वर कोणी ऐकतच नसेल, तर नवा पत्ता मृत ठरतो. कधी दोन्ही द्वारांवर वेगवेगळी पाने मिळतात. कधी त्या नावाचा मूळ मालक केव्हाच निघून गेलेला असतो आणि ते नाव भलत्यानेच विकत घेतलेले असते. त्या भलत्याकडे प्रमाणपत्रही अगदी रीतसर असेल! कारण 'या नावाच्या सर्व्हरशीच तुम्ही बोलत आहात' एवढेच प्रमाणपत्र सांगते. तो सर्व्हर सज्जन आहे, असे ते म्हणत नाही. कोठारात मुळातच वाईट फाइल कोणी ठेवली, तर 'एस' ती तुमच्यापर्यंत सुरक्षितपणे आणून पोचवील.

सही करणारी संस्थाच फसली तर? तेही घडले आहे. २०११ मध्ये नेदरलँड्समधील डिजिनोटार या प्रमाणन-संस्थेत कोणी घुसले आणि गूगलच्या नावाची खोटी प्रमाणपत्रे काढली गेली. इराणमधील लोकांवर पाळत ठेवण्यासाठी त्यांचा वापर झाला. ब्राउझरांनी डिजिनोटारला आपल्या यादीतून काढून टाकले आणि त्याच वर्षी त्या कंपनीचे दिवाळे निघाले. आज दिल्या जाणाऱ्या प्रमाणपत्रांची सार्वजनिक नोंदवही ठेवली जाते, ती अशा अनुभवांतूनच.

करून पाहा

१. एखादी एसव्हीजी चित्राची फाइल मिळवा आणि तिची प्रत साध्या मजकूर-संपादकात उघडा. आरंभीच्या नावातील एचटीटीपीला 'एस' जोडा, फाइल साठवा आणि ब्राउझरमध्ये उघडा. नंतर तो 'एस' काढून पुन्हा उघडा.

२. आशा व विनयचा खेळ दोघांनी मिळून खेळा. मूळ संख्या १९ व दुसरी संख्या २ घ्या. एकाची गुप्त संख्या ५, दुसऱ्याची ८. मोठ्याने सांगायच्या संख्या १३ आणि ९ येतील. दोघांची समाईक किल्ली १६ यायला हवी. मग तिसऱ्या मित्राला मध्ये बसवा, गुप्त संख्या बदला आणि फक्त उच्चारलेल्या संख्यांवरून किल्ली शोधायला त्याला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. मूळ संख्या १९ ऐवजी १०१ घेतली, की हा वेळ किती वाढतो तेही पाहा.