मौजे, मजकूर आणि मुस्लिम : क्रियेतून घडलेले शब्द



आमच्या चऱ्होलीतील जुने खरेदीखत उघडले, तर आरंभीच ‘मौजे चऱ्होली बुद्रुक’ असे शब्द भेटतात. ‘बुद्रुक’ म्हणजे फारसी ‘बुजुर्ग’, थोरले. शेजारचे ‘खुर्द’ म्हणजे धाकटे. एवढे पुष्कळांस ठाऊक असते. ‘मौजे’कडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. अरबीत ‘वजअ’ म्हणजे ठेवणे, आणि ‘मौजिअ’ म्हणजे ठेवण्याचे स्थान. एका क्रियेचे नाम झाले आणि ते आपल्या गावाच्या नावापुढे कायमचे बसले.

क्रियापदापासून नाम घडविण्याची मराठीची रीत आपण शाळेत शिकलो आहोत. धातू घ्यायचा व त्याच्या शेवटी प्रत्यय जोडायचा. ‘दळ’पासून दळणे, दळणारा, दळलेले, दळण. व्याकरणकार यांस कृदन्ते किंवा धातुसाधिते म्हणतात. स्वयंपाकघरात तर क्रिया आणि साधन यांचे नावही एकच होते : लाटणे हे कामही आहे आणि ती लाकडी वस्तूही. उलथण्याचे तसेच.

अरबीची चाल निराळी आहे. तेथे सामान्यतः तीन व्यंजने स्थिर राहतात आणि त्यांच्या आतले स्वर पालटतात. क-त-ब या तीन अक्षरांतून कातिब म्हणजे लिहिणारा, मक्तूब म्हणजे लिहिलेले, मक्तब म्हणजे लिहिणे-वाचणे शिकण्याची जागा, आणि किताब. या साच्यांना अरबी व्याकरणात ‘वजन’ म्हणतात. बाजारात आपण भाजीचे करतो तेच वजन! मदरशात पहिल्या वर्षी आमच्या हाती ‘मीजानुस्सर्फ’ हे पुस्तक आले. त्यातील ‘मीजान’ म्हणजे तराजू, हाही ‘वजन’ या क्रियेपासून साधलेला साधनवाचक शब्द आहे, हे ध्यानी यायला मला बराच काळ लागला.

या साच्यांतून निघालेले शब्द मराठीच्या कचेरीत आजही नोकरीवर आहेत. हासील, महसूल आणि तहसील ही एकाच धातूची भावंडे. ‘जप्त’ आणि ‘मजबूत’ हेही सख्खे भाऊ; घट्ट धरणे आणि घट्ट धरलेले. दस्तऐवजातील ‘मजकूर’ म्हणजे ज्याचा ‘जिक्र’ झाला ते. आपण नमाजनंतर जो जिक्र करतो, त्याचेच हे कर्मवाचक रूप आहे. ‘अंमल’, ‘मामला’ व त्यावरून आलेला ‘मामलेदार’ हे सगळे ‘अमल’चे कुटुंब, आणि ‘मामुली’ही त्यातलेच. मामूल म्हणजे नित्य केले जाणारे, म्हणून मामुली म्हणजे साधारण. नित्य केलेली गोष्ट क्षुल्लक वाटू लागते, ही माणसाची सवय शब्दाच्या अर्थातही उतरली आहे. काही शब्दांनी मराठीत येऊन घरच बदलले. ‘तालीम’ म्हणजे शिकविणे. पुणे परिसरात मात्र ती पैलवानांची जागा झाली. ‘मशीद’ मुळातच स्थलवाचक आहे, सजदा करण्याची जागा. अशा शब्दांचा माग ज्यांना घ्यावासा वाटेल, त्यांनी माधव जूलियनांचा १९२५ सालचा ‘फार्शी-मराठी कोश’ चाळावा.

आधी क्रियापद की आधी नाम, यावर बसरा व कूफा येथील व्याकरणकारांचा जुना वाद आहे. बसऱ्याचे म्हणत, भाववाचक नाम हेच मूळ; म्हणूनच त्याला ‘मसदर’, निघण्याची जागा, म्हणतात. कूफ्याचे म्हणत, मूळ क्रियापद. मराठीत आपण धातूपासून आरंभ करतो, म्हणून मला कूफेकरांची बाजू ओळखीची वाटते. मदरशात मात्र बसऱ्याचेच मत शिकविले गेले.

आता ज्यासाठी हे सारे लिहावयास घेतले, तिकडे वळतो. शाळेच्या अर्जावर ‘धर्म’ या रकान्यात आपण मुलांच्या नावापुढे ‘मुस्लिम’ लिहितो. मुलांच्या मनात तो शब्द आडनावासारखा, जन्मतःच चिकटलेला राहतो. व्याकरण तसे सांगत नाही. ‘इस्लाम’ हे भाववाचक नाम आहे : स्वतःला अल्लाहच्या स्वाधीन करणे. ‘मुस्लिम’ हे त्याचे कर्तृवाचक रूप. ‘दळणे’शी ‘दळणारा’चे जे नाते, तेच ‘इस्लाम’शी ‘मुस्लिम’चे.

मी हे संध्याकाळच्या वर्गात समजावीत होतो. महापालिकेच्या मराठी शाळेत सहावीत शिकणाऱ्या एका मुलीला विचारले, “बेटा, मग मुस्लिम शब्दाचे मराठी काय करशील?” ती क्षणभर थांबून म्हणाली, “सोपवलेली.”

उत्तर अगदी जवळ आले होते, तरी चुकले होते. ‘सोपवलेली’ हे कर्मवाचक. त्याला अरबीत ‘म’आधी अ येऊन ‘मुस्लम’ झाले असते. म्हणजे दुसऱ्या कोणी तिला सोपवले, आईवडिलांनी किंवा अर्जाच्या रकान्याने. मी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले आणि मधल्या स्वराखाली रेघ ओढली. तिने ते दोन्ही पुन्हा वाचले.

“मग सोपवणारी,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने : “म्हणजे रोज?”

मी म्हणालो, “हो, रोज.”