जुनी गोळी घेऊ नकोस

चि. केदार,


काल रात्री ताईचा फोन आला. दाढेसाठी घेतलेला अँटिबायोटिकचा कोर्स संपून चार दिवस झाले, तरी तू दिवसातून बारा-तेरा वेळा संडासला जातोयस, रात्री तीनदा उठतोयस, आणि ‘पाउच गेला, आता परत पोटावर पिशवी लागणार’ म्हणत अंथरुणात पडून आहेस. सांगता सांगता तिला रडू आलं. मी मुद्दाम लिहून पाठवतोय, कारण फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणतोस आणि विसरतोस.

मोठं आतडं काढून केलेल्या माझ्या पाउचला आता सतरा वर्षं झाली. दुसऱ्याच वर्षी घसा धरला म्हणून मला अँटिबायोटिक दिलं होतं आणि कोर्स संपता संपता जुलाब सुरू झाले. आधीच्या वर्षी पाउचायटिस, म्हणजे पाउचला सूज, झाला होता, त्या वेळची सिप्रोफ्लॉक्सॅसिनची अर्धी स्ट्रिप कपाटात होती. कुणालाही न विचारता ती सुरू केली. तहान लागायची, म्हणून तांब्यावर तांब्या साधं पाणी पीत राहिलो. तिसऱ्या दिवशी पहाटे संडासातून उठताना दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि दारातच पडलो. सलाइन लागलं. तपासणीत निघाला तो सी. डिफिसिल हा जंतू. मोठं आतडं काढलेल्यालाही तो होतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं. अँटिबायोटिकमुळे माजलेल्या जंतूवर मी दुसरं अँटिबायोटिक ओतत होतो. शेवटी तोंडाने घ्यायच्या व्हॅन्कोमायसिनने बरा झालो.

तुझ्या बाबतीत तेच असेल असं नाही. लहान आतड्याचा शेवटचा तुकडा दुमडून तुझी थैली, म्हणजे पाउच, शिवलीय. ती कामाला लागली की तिथे जंतूंची वस्ती बसते आणि ती आपल्या उपयोगाची असते. दाढेसाठी घेतलेली गोळी दाढेपाशी थांबत नाही, ती ही वस्तीही उठवते. मग न पचलेली साखर थैलीत पाणी ओढते, गॅस होतो, पोट गडगडतं. पुष्कळदा वस्ती परत बसली की हे आपोआप निवळतं. पण साधे जुलाब, पाउचायटिस आणि सी. डिफिसिल या तिन्हींची लक्षणं बाहेरून इतकी सारखी असतात की तुला काय, सतरा वर्षांच्या अनुभवाने मलाही वेगळी ओळखता येणार नाहीत. म्हणून शौचाचा नमुना लॅबमध्ये दे, आणि तो सी. डिफिसिलसाठी तपासायचाय असं डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घे. ऑपरेशन केलेल्या सर्जनना किंवा तुझ्या पोटाच्या डॉक्टरांना आजच कळव. त्यांना वाटलं तर दुर्बिणीने थैली बघतील. रिपोर्ट येईपर्यंत कपाटातली उरलेली सिप्रो किंवा मेट्रोनिडाझोल घ्यायची नाही. लोपरामाइडही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आता पाण्याचं. ही चूक मी केली, तू करू नकोस. लहान आतड्यातून रोज साधारण दीड लिटर पातळ माल मोठ्या आतड्यात उतरतो आणि त्यातलं बहुतेक पाणी नि मीठ मोठं आतडं शोषून घेतं. आपल्याला ती सोय नाही. जुलाबात आपलं पाण्याबरोबर मीठही जातं, आणि नुसतं पाणी पीत राहिलं की मीठ आणखी कमी पडतं. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडानेच पाजायला लावलं आणि असंख्य माणसं वाचवली. साखर मिठाला आतड्याच्या भिंतीतून आत नेते, मागोमाग पाणी जातं, आणि हे सगळं लहान आतड्यात घडतं. ते तुझ्याकडे आहे, केदार. केमिस्टकडून जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाची ओआरएसची पुडी आण, तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालव आणि दिवसभर घोटघोट पी. गोड डबाबंद पेयं नकोत. नारळपाणी ताई देईल, पण त्यात सोडियम कमी असतं, तेव्हा ते ओआरएसच्या जागी नाही.

खायला मऊ भात नि मेतकूट, केळं, साबुदाण्याची पेज, मीठ घालून ताक. मिरची थोडे दिवस बंद, जाताना होणारी आग तुला माहीत आहेच. प्रत्येक वेळी पाण्याने धुऊन, न घासता टिपून कोरडं कर आणि झिंक ऑक्साइडचं मलम लाव. हे क्षुल्लक समजू नकोस, कातडी सोलली की माणूस जेवायलाच घाबरतो आणि अशक्तपणा वाढतो.

दाढ अजून ठणकते असं ताई म्हणाली. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांनी पाउच चिडतो, दुखलं तर पॅरासिटामॉल घे. आणि दातांच्या डॉक्टरांना पाउचबद्दल सांगितलंच नव्हतंस ना? मीही पूर्वी लाजायचो. यापुढे कुठल्याही दवाखान्यात पहिलं वाक्य तेच असू दे.

ताप, रक्त, उभं राहिल्यावर गरगरणं, किंवा सहा-सात तास लघवीच न होणं, यातलं एक जरी दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं. वहीत तारीख टाकून किती वेळा गेलास, काय खाल्लंस आणि लघवीचा रंग कसा होता ते लिही. नमुन्याची डबी ताई आज आणेल. रात्री कितीही वाजले तरी मला फोन कर, मी उशाशीच ठेवतो.

तुझा,
मामा