आगगाडीची नाडी



उमरोळीच्या फलाटावर लोकलची वाट पाहत उभे असतांना, न थांबतां वेगानें निघून जाणारी लांब पल्ल्याची गाडी आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. ती येण्याच्या आधींच पायांखालची जमीन किंचित् थरथरूं लागते. मग धडधड करीत डब्यामागून डबा जातो. आणि कान देऊन ऐकलें तर एखाद्याच डब्याखालून ‘ठक् ठक् ठक्’ असा निराळा आवाज येतो व त्या डब्याबरोबरच दूर जातो. तो आवाज त्या डब्याच्या प्रकृतीविषयीं कांहीं सांगत असतो. तें यंत्राच्या साहाय्यानें कसें समजून घेतां येतें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

मडकें विकत घेतांना घरांतील वडील माणसें तें बोटाच्या पेरानें वाजवून पाहतात. धड मडकें खणखणतें. चीर गेलेलें बद्द वाजतें. याचें कारण असें, कीं प्रत्येक वस्तूस तिचा स्वतःचा असा कंप असतो. वस्तु जितकी ताठ, तितका हा कंप जलद. जितकी जड, तितका मंद. चीर पडली कीं ताठपणा घटतो आणि नाद उतरतो. रेल्वेंतही पुष्कळ वर्षें हीच रीत होती. गाडी स्थानकांत उभी राहिली कीं लांब दांड्याचा हातोडा घेतलेला कामगार चाकामागून चाक ठोकीत जाई, व तें धड कीं भेगाळलेलें हें नादावरून ओळखी.

ही काळजी व्यर्थ नव्हती. ता. ८ मे १८४२ रोजीं फ्रान्समध्यें व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आंस मोडला, डबे एकमेकांवर आदळून पेटले, आणि पन्नासांहून अधिक माणसें दगावलीं. पुढें प्रशियांतील रेल्वेचे इंजिनियर व्होलर यांनीं वर्षानुवर्षें प्रयोग करून दाखविलें, कीं जें ओझें एकदां घातलें असतां आंसास कांहींच होत नाहीं, तेंच लक्षावधि वेळां पडलें असतां तो मोडतो. लोखंडासही थकवा येतो! आपल्याकडील प्रवासी डब्याच्या नव्या चाकाचा व्यास ९१५ मिलिमीटर, म्हणजे परीघ सुमारें २.८७ मीटर असतो. १०० किलोमीटरांच्या प्रवासांत तें चाक सुमारें ३५,००० वेळां फिरतें, आणि प्रत्येक फेऱ्यांत आंसाचा प्रत्येक भाग एकदां ताणला व एकदां दाबला जातो.

हातोड्याची परीक्षा उभ्या गाडीचीच होई. धांवत्या गाडीची परीक्षा करण्यासाठीं कंप-संवेदक लागतो. आंगठ्याएवढें हें उपकरण बेअरिंगच्या पेटीवर, चाकांच्या सांगाड्यावर, तसेंच डब्याच्या तळाशीं बसवितां येतें. त्याच्या एका प्रकारांत स्फटिकावर लहानसें वजन ठेवलेलें असतें. कांहीं स्फटिक दाबले असतां त्यांत वीज उत्पन्न होते, हा शोध क्यूरी बंधूंनीं १८८० सालीं लावला. गाडीस हिसका बसला कीं, बसमध्यें उभा असलेला उतारू जसा झोक खातो, तसें तें वजन स्फटिकास दाबतें. आणि वीज जितकी, तितका हिसका मोठा असें समजतें.

पण नुसता हिसका मोजून काय होणार? तो कोणाचा, हें ठरलें पाहिजे. येथें साधें गणित उपयोगी पडतें. गाडी ताशीं ११० किलोमीटर वेगानें धांवत असेल, तर सेकंदास ३०.६ मीटर जाईल व चाक सुमारें १०.६ फेरे करील. ब्रेक लागून चाक रुळावर घसरलें व एका जागीं सपाट झालें, तर सेकंदास तितकेच ठोके पडतील. वेग निम्मा केला कीं ठोकेही निम्मे होतील. हिसका सर्वच डब्यांस एकाच ठिकाणीं बसत असेल, तर दोष रुळांचा. आणि वेग बदलला तरी जो कंप आपली चाल बदलत नाहीं, तो बहुधा डब्याच्या सांगाड्याचा किंवा स्प्रिंगांचा स्वतःचा कंप होय. त्याची चाल उतरूं लागली, तर ताठपणा कोठें घटला याचा शोध घ्यावा लागतो.

मात्र येथेंच एक फसवणूक आहे. सकाळची डहाणूची लोकल पालघरला पोंचेपर्यंत खच्चून भरते. दुपारीं तेच डबे जवळजवळ रिकामे असतात. स्प्रिंगेचा ताठपणा दहा टक्के घटला तर कंपाची चाल सुमारें पांच टक्के उतरते; पण तिच्यावरील वजन दहा टक्के वाढलें तरीही ती जवळजवळ तितकीच उतरते. म्हणजे गर्दी आणि आजार यांचें लक्षण एकच! म्हणून प्रत्येक डब्याची तुलना त्याच्या स्वतःशींच, सारख्या ओझ्यांत व सारख्या वेगांत, महिनोन् महिने करावी लागते. माझ्या मतें या शास्त्राचें मर्म येथेंच आहे. संवेदक पैसे टाकून आणतां येतो; चिकाटीनें ठेवलेली नोंदवही आणतां येत नाहीं.

आणि नोंद ठेवली तरी ती वाचून कृति करणारा हवा. जर्मनीच्या जलदगति गाड्यांची पहिलीं चाकें एकसंध पोलादाचीं होतीं. त्यांच्या थरथरीनें भोजनाच्या डब्यांतील भांडीं वाजत. तो त्रास घालविण्यासाठीं चाक व त्यावरील पोलादी धांव यांच्यामध्यें रबराचें कडें बसविलें. भांडीं वाजेनाशीं झालीं, पण धांव प्रत्येक फेऱ्यांत लवूं लागली व आंतल्या बाजूनें, कोणास न दिसतां, भेगाळली. ता. ३ जून १९९८ रोजीं एशेडे गांवाजवळ ताशीं सुमारें २०० किलोमीटर वेगांत असतां ती तुटली. डबे रूळ सोडून पुलावर आदळले, पूल कोसळला, आणि १०१ माणसें मृत्यु पावलीं. त्या चाकाच्या आवाजाविषयीं व थरथरीविषयीं गाडीवरील नोकरांनीं आधींच्या आठवड्यांत तक्रारी नोंदविल्या होत्या. चाक मात्र बदललें गेलें नाहीं.

आपल्या देशांत लखनौ येथील ‘आर. डी. एस. ओ.’ ही रेल्वेची संशोधन-संस्था १९५७ सालीं स्थापन झाली. धांवत्या डब्यांत यंत्र ठेवून उभे व आडवे हादरे मोजण्याची पद्धति आपल्या रेल्वेंत रूढ आहे. कांहीं ठिकाणीं रुळांसच संवेदक जोडून, वरून जाणाऱ्या प्रत्येक चाकाचा आघात मोजतात. मुंबई-अहमदाबाद जलदगति मार्गाचें एक स्थानक आपल्या बोईसरजवळ व्हावयाचें आहे. तेथें ताशीं ३२० किलोमीटर वेग योजिला आहे. त्या वेगानें धांवणाऱ्या चाकाचे सेकंदास किती फेरे होतील, तें वाचकांनीं वर दिलेल्या रीतीनें काढून पाहावें.

आणखी एक प्रयोग घरच्या मोबाइलवर करतां येईल, कारण त्यांतही असा संवेदक असतो. उमरोळी ते पालघर बसून जातांना वडील माणसांच्या संमतीनें मोबाइल बांकावर निश्चल ठेवावा, दारापाशीं नव्हे, आणि त्यावर उमटणारी कंपाची रेषा जपून ठेवावी. त्याच डब्यांत एकदां गर्दीच्या वेळीं व एकदां रिकाम्या वेळीं असें करावें, व दोन्ही रेषा शेजारीं शेजारीं मांडून पाहाव्या.